शेवटचा टॉमी, पेशाने प्लंबर

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकात लढलेला शेवटचा ज्ञात सैनिक 25 जुलै 2009 रोजी इंग्लंडमधल्या वेल्स गावी, वृद्धाश्रमात वारला. नाव हॅरी पॅच, वय 111, ब्रिटिश फौजेतला साधा शिपाई, म्हणजेच ‘टॉमी’. या माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर आघाडीवर तो होता जेमतेम तीन-साडेतीन महिने. नळ जोडण्यात, छपरांवर शिशाचे पत्रे बसवण्यात आणि लोकांची गळती थांबवण्यात गेली पन्नासच्या आसपास वर्षं. संसार त्याहूनही लांबला. जगाने मात्र त्याला ओळखलं ते त्या साडेतीन महिन्यांसाठी, आणि तेही शंभरी भरल्यावर. हे त्याला स्वतःला फारसं पटलेलं नव्हतं. आपण नुसते उरलो म्हणून आपला सत्कार होतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हॅरीचा जन्म 17 जून 1898 चा. गाव कूम डाउन, सॉमरसेट परगण्यातल्या बाथ शहराला लागून. बाथची मधाच्या रंगाची घरं ज्या दगडाची आहेत, तो दगड इथल्या खाणींतला. बाप गवंडी, त्यातही मुरलेला कारागीर. घरात हातकामाचा वारसा होता, त्यामुळे शाळा सुटल्यावर पोराला प्लंबरच्या हाताखाली उमेदवारीला घातलं, यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही. त्या काळचं प्लंबिंग म्हणजे मुख्यतः शिशाचं काम. दोन नळ जोडायचे तर वितळलेलं शिसं-कथील सांध्यावर ओतायचं आणि ते घट्ट व्हायच्या आत, चरबी लावलेलं जाड कापड हातात धरून, सगळ्या बाजूंनी पुसत पुसत त्याला गोल आकार द्यायचा. जरा उशीर झाला की सांधा फुटका, घाई केली की सगळं खाली गळून जाणार. हात बसायला वर्षं लागत. हॅरीचा हात बसत होता तोवर 1914 चा ऑगस्ट उजाडला.

सुरुवातीला ब्रिटनने लढाई स्वखुशीने भरती झालेल्या सैन्यावर चालवली. युद्धमंत्री लॉर्ड किचनरच्या बोट दाखवणाऱ्या जाहिराती, गावोगावचे बँड, मित्रांनी मिळून नाव नोंदवायचं, असा तो माहोल होता. हॅरीला त्याचं आकर्षण नव्हतं. थोरला भाऊ विल्यम आधीच फौजेत होता, बेल्जियममधल्या मॉन्सच्या लढाईत जखमी होऊन आला होता आणि खंदकातलं जगणं काय असतं हे त्याने घरी सांगितलं होतं. चिखल, उंदीर, उवा. ते ऐकल्यावर कोण आपणहून जाईल? पण दीड वर्षात स्वखुशीने येणारे आटले. जानेवारी 1916 मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. आधी अविवाहित पुरुष, मग मे महिन्यात विवाहितही. हॅरीला जूनमध्ये अठरावं सरलं आणि ऑक्टोबरमध्ये बोलावणं आलं. वीरश्रीने भारून गेलेला तरुण वगैरे शोधायचा असेल तर तो या गोष्टीत सापडणार नाही.

सहा-आठ महिने कवायत झाली. नेम चांगला निघाला, त्याचा बिल्लाही मिळाला. 1917 च्या जूनमध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, तो फ्रान्सला पोचला आणि ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्रीच्या सातव्या बटालियनमध्ये लुईस गनच्या तुकडीत दाखल झाला.

ही तुकडी पाच जणांची. लुईस गन म्हणजे खांद्यावरून नेता येईल अशी हलकी मशिनगन. हलकी म्हणजे तेरा किलोच्या आसपास. वर थाळीसारखं गोल मॅगझिन, त्यात 47 काडतुसं. एक नंबरचा गडी बंदूक चालवणार, दोन नंबरचा त्याच्या शेजारी पडून मॅगझिन बदलणार आणि सुट्या भागांची पिशवी सांभाळणार, बाकीचे तिघे दारूगोळा वाहणार. हॅरी दोन नंबर. बंदूक अडकली तर चिखलात, अंधारात, बोटांनी चाचपून ती खोलायची आणि पुन्हा जोडायची हे त्याचं काम. प्लंबरच्या उमेदवाराला हे जमलं नसतं तरच नवल.

घरून पंधरवड्याला पार्सल येई. तंबाखू, सिगारेटी, केक, गोळ्या, मोजे. त्यातलं एकट्याचं काहीच नसे. तंबाखू पाईप ओढणाऱ्या एक नंबरला, सिगारेटी मोजून सगळ्यांत, धुतलेल्या मोज्यांचा जोड ज्याला जास्त गरज त्याला. या पाच जणांनी आपसांत आणखी एक गोष्ट ठरवली होती, ती कुठल्याच लष्करी पुस्तकात बसणारी नव्हती. अगदी जिवावर बेतल्याशिवाय माणूस मारायचा नाही. गोळी खाली, पायांवर घालायची. पुढे म्हातारपणी पॅच यांनी हे उघड सांगितलं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. मला स्वतःला त्यात आश्चर्यापेक्षा हिशेब दिसतो. पाच पोरांनी परत घरी जायचं ठरवलं होतं, आणि जाताना बरोबर काय न्यायचं नाही हेही.

आता हे सगळे तिथे कशासाठी जमले होते? बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवती ब्रिटिश फौज 1914 पासून अडकून पडली होती. शहर त्यांच्याकडे, भोवतालची बुटकी टेकाडं जर्मनांकडे. सेनापती हेग याला ती टेकाडं घ्यायची होती आणि तिथून पुढे समुद्रकिनाऱ्यापर्यंत धडक मारून जर्मन पाणबुड्यांची बंदरं मोडायची होती. त्यात भर अशी की एप्रिलमधली मोठी चढाई फसल्यावर फ्रेंच पलटणींत बंडाळी माजली होती. जर्मनांचं लक्ष दुसरीकडे खेचणं भाग होतं. पंतप्रधान लॉइड जॉर्जला ही मोहीम मनातून पसंत नव्हती, पण थांबवण्याइतकं बळही त्याने दाखवलं नाही. जुलैच्या उत्तरार्धात तोफा सुरू झाल्या. चाळीस लाखांहून जास्त गोळे टाकल्यावर 31 जुलै 1917 ला पायदळ निघालं. त्याच संध्याकाळी पाऊस लागला.

फ्लँडर्सची ती जमीन मुळात चिकणमातीची, पाणी न मुरणारी. शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या चर खणून, नाले काढून ती कोरडी ठेवलेली. तोफांनी सगळ्यात आधी काय मोडलं असेल तर तो निचरा. पाणी जायला वाट राहिली नाही, आणि ऑगस्टभर ते पडतच राहिलं. गोळ्यांनी पाडलेला प्रत्येक खड्डा भरला. जखमी माणसं त्यात बुडून मेली, खेचरं रुतली, तोफा रुतल्या. पुढे आयुष्यभर लोकांच्या मोऱ्या-गटारं वाहती ठेवणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमकी अशी लढाई यावी, हा योगायोग मला सोडवत नाही. इतिहासात या लढाईचं नाव ईप्रची तिसरी लढाई. लोकांच्या तोंडी मात्र शेवटी घेतलेल्या खेड्याचं नाव राहिलं, पाशेंडेल.

16 ऑगस्टला लांगेमार्क गाव घेण्यासाठी हॅरीची डिव्हिजन पुढे सरकली. वाटेत स्टीनबेक नावाचा ओढा. एरवी उडी मारून जावा एवढाच. तो ओलांडून जाताना जे दिसलं त्यातल्या दोन गोष्टी पॅच यांनी ऐंशी-नव्वद वर्षांनी सांगितल्या, आणि दरवेळी जवळपास त्याच शब्दांत. पहिली आपल्याच रेजिमेंटच्या एका जवानाची. खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला, रक्तात पडलेला. मला गोळी घाला, म्हणून विनवत होता. कुणी पिस्तूल काढायच्या आतच तो गेला, आणि जाताना एकच शब्द बोलला: आई. घाबरून मारलेली हाक नव्हती ती, कुणीतरी समोर भेटल्यावर म्हणावं तसं होतं, असं पॅच सांगत. दुसरी गोष्ट एका जर्मन सैनिकाची. रायफलीला संगीन लावून तो सरळ यांच्या रोखाने आला. हॅरीने रिव्हॉल्व्हरने आधी खांद्यात गोळी घातली. रायफल पडली, तरी तो येतच राहिला. चार-पाच सेकंदांचा अवधी. छातीवर नेम सहज होता. हॅरीने पायावर झाडली. तो माणूस जगला का, पुढे त्याचं काय झालं, हे हॅरीला कधी कळलं नाही.

अधूनमधून पलटण मागे यायची. पोपरिंगे गावात एका पाद्रीबाबाने टॅल्बट हाउस नावाचं घर उघडलं होतं. तिथे चहा मिळे, पुस्तकं असत, आणि साहेब-शिपाई हा भेद दाराबाहेर ठेवावा लागे. पॅच यांना त्या घराबद्दल शेवटपर्यंत माया होती. खंदकातली आणखी एक आठवण ते सांगत: दोन मोकाट कुत्री पलीकडे बिस्किटाच्या तुकड्यावरून भांडताना त्यांनी पाहिली आणि मनात आलं, आपणही दुसरं काय करतोय?

22 सप्टेंबरची रात्र. साडेदहाचा सुमार. तुकडी आघाडीवरून मागच्या फळीकडे परतत होती. डोक्यावर गोळा फुटला. दारूगोळा वाहणारे तिघे जागच्या जागी संपले; पुरायला काही उरलं नाही. हॅरीच्या ओटीपोटाशी धातूचा तुकडा घुसला. मलमपट्टीच्या ठाण्यावर भूल द्यायचं औषध संपलेलं. चौघांनी हातपाय धरले आणि डॉक्टरने तुकडा उपसून काढला. आठवण म्हणून ठेवायचाय का, असंही विचारलं. हॅरी नको म्हणाला.

लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली. दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले, जखमी आणि बेपत्ता चार लाखांच्या वर गेले. आघाडी सरकली सुमारे आठ किलोमीटर. पुढच्या एप्रिलमध्ये जर्मनांच्या चढाईपुढे ही जमीन ब्रिटिशांनी काही दिवसांत सोडूनही दिली.

जखमी हॅरी इंग्लंडला आला. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डला विश्रांतीसाठी होता तेव्हा एडा बिलिंग्टन भेटली. युद्ध थांबलं तेव्हा तो आइल ऑफ वाइट बेटावर पुन्हा आघाडीवर जायच्या तयारीत होता. युद्धबंदी झाली, पण सुटका लगेच नाही. घरी जायची आस लागलेल्या, मरणातून आलेल्या माणसांना एक अधिकारी रोज कवायतीला उभं करू लागला. एके दिवशी पोरांनी नकार दिला. साहेबाने पिस्तूल रोखलं. ही मंडळी जाऊन काडतुसं भरून परत आली, आणि रायफलींचे बोल्ट एकदम मागे ओढल्याचा आवाज ऐकून साहेब विरघळला. वरून चौकशी झाली. कवायत बंद करून फक्त साफसफाईची कामं द्यावीत असं ठरलं. युद्धाच्या इतिहासात या गोष्टीला तळटीपेचीही जागा नसते, पण 1919 सालचा ब्रिटिश सैनिक कुठल्या मनःस्थितीत होता हे कळायला यासारखं दुसरं उदाहरण नाही.

सप्टेंबर 1919 मध्ये हॅरी आणि एडाचं लग्न झालं. डेनिस आणि रॉय अशी दोन मुलं. हॅरी पुन्हा हत्यारं घेऊन कामाला लागला. ब्रिस्टल विद्यापीठाची विल्स मेमोरियल बिल्डिंग तेव्हा उभी राहत होती. युद्धामुळे थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं होतं. पासष्ट मीटर उंचीचा तिचा मनोरा आजही ब्रिस्टलवर लक्ष ठेवून आहे. 1925 साली राजा पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेल्या त्या वास्तूत प्लंबर म्हणून हॅरीचा हात लागलेला आहे. ऐंशी वर्षांनी, डिसेंबर 2005 मध्ये, त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एम.ए. दिली. शंभराहून जास्त वर्षांच्या आयुष्यात मिळालेल्या सगळ्या पदकांपेक्षा मला हा मान जास्त नेमका वाटतो, कारण तो त्यांच्या हातच्या कामाशी जोडलेला होता.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा चाळिशी उलटली होती. बंदूक हातात घ्यावी लागली नाही. ते बाथच्या अग्निशमन दलात अर्धवेळ भरती झाले. एप्रिल 1942 च्या शेवटी जर्मन विमानांनी लागोपाठ दोन रात्री बाथवर बॉम्ब टाकले. ल्यूबेक शहर जाळल्याचा तो सूड होता. चारशेच्या आसपास माणसं मेली. बाप ज्या दगडावर छिन्नी चालवत आला त्या दगडाच्या शहराची आग विझवायला मुलगा पाण्याचे पाईप घेऊन धावला. पुढे त्यांनी सॉमरसेटमधल्याच स्ट्रीट गावी स्वतःचा प्लंबिंगचा धंदा चालवला आणि 1963 साली, पासष्टाव्या वर्षी, हत्यारं खाली ठेवली.

या सगळ्या काळात युद्धाबद्दल एक अक्षर नाही. एडाला नाही, मुलांना नाही. एडा 1976 साली गेली, तोवर जवळपास सत्तावन्न वर्षांचा संसार झाला होता. नवऱ्याने 22 सप्टेंबरला काय पाहिलं हे तिला कधी कळलं नसावं. नोव्हेंबरातल्या सरकारी स्मृतिदिनाला ते फारसं महत्त्व देत नसत, तो सगळा देखावा वाटे त्यांना. त्यांचा स्मृतिदिन 22 सप्टेंबर. त्या दिवशी ते गप्प असत. आपल्याकडेही फौजेतून आलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या घरच्यांना ही गप्प बसण्याची रीत ओळखीची वाटेल.

शंभरी भरली तेव्हा, 1998 मध्ये, बीबीसीच्या माहितीपटासाठी इतिहासकार रिचर्ड व्हॅन एम्डेन यांनी त्यांना बोलतं केलं. वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीसमोर चादरी ठेवायची खोली होती. रात्री कुणी तिथला दिवा लावला की अर्धवट झोपेत तो उजेड त्यांना गोळ्याच्या स्फोटासारखा दिसे. ऐंशी वर्षांनंतरही. हे एकदा सांगून टाकल्यावर मात्र ते बोलत राहिले. 2007 मध्ये व्हॅन एम्डेन यांच्याबरोबर लिहिलेलं ‘द लास्ट फायटिंग टॉमी’ हे आत्मकथन आलं. लेखक 109 वर्षांचा.

ते ईप्रला परतले. 2004 मध्ये तिथे चार्ल्स कुएंट्झ यांची भेट झाली. कुएंट्झ अल्सेसचे, वय 107, त्याच लढाईत जर्मन बाजूने लढलेले. तेव्हा अल्सेस जर्मनीत, नंतर फ्रान्समध्ये, मग पुन्हा जर्मनांच्या ताब्यात. दुसऱ्या युद्धात त्यांचा मुलगा जर्मनांच्या सक्तीच्या भरतीत सापडून मारला गेला. एका माणसाच्या आयुष्यात सरहद्द किती वेळा डोक्यावरून जावी! दोघांनी भेटी दिल्या: याने सॉमरसेटचं सायडर, त्याने अल्सेसची बिस्किटं. सप्टेंबर 2008 मध्ये स्टीनबेक ओढ्याच्या काठी पॅच यांनी आपल्या डिव्हिजनसाठी एक साधा स्मृतिदगड उभारून घेतला.

इथे आपल्या बाजूचा एक हिशेब सांगायला हवा. त्याच युद्धात सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे 46 जण कामी आले. गावात तसा दगड आहे. 1916 साली इराकमधल्या कूटच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी उपाशी राहून शरण गेल्या, कित्येक जण कैदेत मेले. जे परत आले ते पुन्हा नांगराला लागले, सुतारकीला लागले, गिरणीत गेले. त्यांतल्या कुणासमोर शंभराव्या वर्षी कॅमेरा आला नाही. हिंदी शिपायांनी फ्रान्समधून पाठवलेल्या पत्रांतले उतारे आज वाचायला मिळतात तेही सेन्सॉरने नोंदून ठेवले म्हणून. पॅच बोलले ते अशा सगळ्यांच्या वतीने, असं म्हणणं सोपं आहे. पण ते खरं नाही. ते आपल्या चार सोबत्यांबद्दल बोलत होते.

11 नोव्हेंबर 2008 रोजी लंडनच्या युद्धस्मारकासमोर तीन म्हातारे चाकाच्या खुर्च्यांत आले: नौदलाचे बिल स्टोन, हवाईदलाचे हेन्री ॲलिंगहॅम आणि सैन्याचे पॅच. स्टोन जानेवारीत गेले, ॲलिंगहॅम 18 जुलैला. पुढच्याच आठवड्यात पॅच.

शेवटच्या सैनिकाला सरकारी इतमामात निरोप द्यावा, अशी लंडनमध्ये चर्चा होती. पॅच यांना ती नको होती. सगळ्यांसाठी मिळून प्रार्थना करा, एकट्यासाठी नको, इतपत त्यांनी मान्य केलं. ती प्रार्थना पुढे नोव्हेंबरात वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झाली. त्यांचा अंत्यविधी 6 ऑगस्ट 2009 ला वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये. 111 वेळा घंटा वाजली. शवपेटीबरोबर ब्रिटिश सैनिकांसोबत बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचेही सैनिक चालले. अट एकच घालून ठेवलेली होती: कुणाच्याही हातात शस्त्र दिसता कामा नये, मानवंदनेचंसुद्धा. दफन मंक्टन कूमच्या चर्चमध्ये, घरच्यांच्या शेजारी, कूम डाउनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. पुस्तकाच्या मानधनातून त्यांनी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या संस्थेला एक बोट घेऊन दिली होती. तिच्यावर वृद्धाश्रमातल्या मैत्रिणीचं आणि त्यांचं नाव घातलं: ‘डोरिस अँड हॅरी’. नाव घालताना मैत्रिणीचं आधी.